ऐबाची जाहिरात

आमच्या घरमालक काकांच्या घरी सिनेमाच्या मधे जाहिराती लागत नसत. जाहिरातींच्या मधे सिनेमा लागे.

रविवारी संध्याकाळी महाल भागातली आमची अर्धी गल्ली काकांच्या बैठकीत सतरंजीवर येऊन बसायची. कृष्णधवल टीव्ही, त्याची लाकडी पेटी, पेटीला दोन्ही बाजूंनी सरकणारं दार आणि डोक्यावर काकूंनी विणलेला रुमाल. काका पेटीला खेटून स्टुलावर बसत आणि आवाजाच्या बटणावरचा हात काढत नसत. टांगेवाल्याने लगाम धरावा तसा. पडद्यावर हिरो आईच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला की काकांची बोटं फिरत आणि हिरो मुका होई.

"काका, आवाज वाढवा न गा! माय मरून राहिली त्याची!"

"मरू दे. मागच्या रविवारीबी मेली होती. जाहिरात आली का वाढवतो."

आणि जाहिरात आली की खरोखर वाढवत. इतका, की समोरचा शिंपी मशीन थांबवून ओरडायचा, "काका, पावडर घेतो बाप्पा उद्या, पण आता थांबवा!"

मी फार कमी बोलणारा माणूस. कचेरीत मला 'हो-नाही साहेब' म्हणत, कारण फायलीवर आणि फायलीबाहेर माझे तेवढेच दोन शब्द. त्यामुळे एवढं सगळं लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय. पण काकांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळची एक गोष्ट मी पन्नाशी उलटेपर्यंत पोटात धरून ठेवली. ती सांगायची तर आधी काका सांगायला हवेत.

मी नाशिककडचा. नोकरी लागली ती सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत, आणि खोली शोधत शोधत महालात आलो. काकांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच मला थांबवलं.

"पाहा भाऊ, पयले ऐब सांगतो. उन्हाळ्यात ही खोली म्हणजे भट्टी हाय. पाणी वर चढत नाही, बादली खालून न्या लागते. बाजूले पिठाची गिरणी हाय, सकाळपासून घुरघुर. उंदीर हाय. मारला का दुसरा येते. अन् मी सोता, माह्या बायकोच्या मतानं, ह्या घराचा सगळ्यात मोठा ऐब हाय."

"आणि चांगलं काय आहे?" मी विचारलं.

"ते राहून पाहा. चांगलं सांगणं आता माह्याकडून होत नाही."

मी खोली घेतली. इतके दोष ऐकल्यावर त्या खोलीत न सांगितलेलं काही उरलंच नव्हतं, आणि परगावात माणसाला त्याचा केवढा आधार वाटतो!

अट एकच होती. गच्चीवर माझ्या दाराशेजारी ॲन्टेना होता. चित्र गेलं की तो मी फिरवायचा. "हे भाड्यात नाही, माणुसकीत," काका म्हणाले. वारा सुटला, पतंग अडकला, एखादा कावळा जड असला, तरी चित्र जाई. मग खाली बैठकीतून काका ओरडत, अंगणात उभी राहून त्यांची मुलगी कुंदा ते मला वर पोचवी, आणि मी दोन्ही हातांनी लोखंडी पाइप धरून त्याला तसूतसूने वळवी.

"आणखी... आणखी... आली! आली! गेली! बाबा म्हणते, साबण दिसते पण बाई दिसत नाही!"

मी अजून थोडा फिरवायचो.

"आता बाई आली, साबण गेला!"

"काकांना काय हवंय?"

"दोघंबी!"

त्या काळात कुंदाशी मी जे काही बोललो ते एवढंच. ती खालून मान वर करून, मी वरून वाकून. मान तिची दुखायची, आवाज माझा फुटायचा नाही.

जाहिरातींच्या काकांनी जाती लावल्या होत्या, गवई रागांच्या लावतात तशा. एखादी बाई आपल्याकडे पाहून "मी तर घरात दुसरं काही आणतच नाही" म्हणाली की ती 'शपथेवरची'. काका तिची उलटतपासणी घेत. "काहून आणत नाही? नवरा आणू देत नाही का?" दोन बादल्यांतून एका हातात मळकट आणि दुसऱ्या हातात शुभ्र सदरा वर आला की ती 'दोन बादल्यांची', आणि तिच्यावर त्यांचा विशेष राग. "दुसऱ्या बादलीत साबण तरी टाकला का यायनं? नुसतं पाणी हाय ते! विचारा कोणीतरी!" विचारणार कोणाला? आम्ही सतरंजीवरचे सगळे माना हलवायचो.

दात किंवा पोट यांच्याबद्दल काही असलं की पांढऱ्या कोटातला माणूस यायचा. काका स्टुलावरून अर्धे उठत. "हा डाक्टर नाही. हा डाक्टरचा कोट हाय. आतमधी कोणीबी राहू शकते." सिनेतारका साबण गालाशी धरून हसली की म्हणत, "ती साबणानं गोरी झाली नाही. गोरी होती म्हणून साबणानं तिले वापरलं." आणि 'गाण्याची' जाहिरात आली की, "सांगाले काही नसलं का माणूस गाते." असं म्हणणारे काका सकाळी न्हाणीघरात केसांच्या तेलाचं गाणं तालासुरात म्हणत. डोक्यावर एक केस नव्हता.

मान द्यायचे ते फक्त 'पाटीच्या' जाहिरातीला. चित्र हलत नाही, कोणी हसत नाही, नुसतं दुकानाचं नाव आणि पत्ता, आणि सर्दी झालेल्या माणसाच्या आवाजात "कूलरसाठी भेटा." ती आली की काका गप्प होत. "हा खरा माणूस. पत्ता सांगतला अन् गेला."

"मग पत्ता सांगणारी तेवढी खरी, बाकी सगळ्या खोट्या?" एकदा मी धीर करून विचारलं.

"खोट्या नाही भाऊ. अर्ध्या. पूर्ण जाहिरात मी अजून पाह्यली नाही. त्यात ऐब पयले सांगा लागते, मग वस्तू दाखवा लागते. ह्या पेटीत तेवढी एकच जात राहून गेली."

तेव्हा त्यांनी इतवारी बाजारातली गोष्ट सांगितली. काकांनी उभं आयुष्य इतवारीतल्या एका कापड दुकानात गादीवर बसून साड्या उलगडल्या होत्या. घडीचं एक टोक धरून साडी अशी सोडायची की ती हवेत फुगून गिऱ्हाइकाच्या मांडीवर उतरली पाहिजे. सवय इतकी, की माझ्या खाटेवर चादर घालतानाही ते ती तशीच सोडत आणि वर म्हणत, "रंग पाहा." तर एकदा एक बाई परत आली. भांडली नाही. नुसते हात पुढे केले, कोपरापर्यंत लाल. लेकीच्या लग्नाचं धुणं तिनं त्या साडीसोबत भिजवलं होतं.

"मी तिले म्हटलं होतं, रंग पक्का हाय. सगळ्याइलेच म्हणत होतो. शेठनं मले खूण केली, मी म्हटलं, पयल्या धुण्याले थोडा जाते बाई. ती म्हणे, तुमी पक्का म्हटलं होतं. मी म्हटलं, माणूस बोलते. ती हात तसेच घेऊन गेली." हे सांगताना टीव्हीवर चहाची जाहिरात चालू होती आणि काकांनी आवाज कमी केला होता. जाहिरातीचा आवाज त्यांनी कमी केलेला मी तेवढाच पाहिला.

तेव्हापासून ते ऐब आधी सांगू लागले. दुकानात ते फार दिवस चालणार नव्हतंच. शेठनी सन्मानाने घरी बसवलं. मग राहिलेली हौस ते गल्लीवर भागवू लागले. समोरच्या शिंप्याला टॉकीजमध्ये मध्यंतरात दाखवायला पाटी करून हवी होती. काकांनी मजकूर सांगितला: 'कपडे सांगितलेल्या दिवशी मिळत नाहीत. मिळाल्यावर फाटत नाहीत.' शिंपी रडकुंडीला आला, पण काकांना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. पाटी लागली, टॉकीज हसलं आणि गिऱ्हाइकं वाढली. पुढे शिंपी इतका सोकावला की कोणी उशिराबद्दल बोललं की कातर खाली न ठेवता म्हणायचा, "पाटीवर काय लिहलं होतं? पाह्यली नाही का पाटी?"

पण काकांच्या या पद्धतीची खरी परीक्षा होती ती कुंदाच्या लग्नात.

कुंदा प्राथमिक शाळेत शिकवायची. एकुलती एक. पाहुणे पाहायला आले की काकू सांबारवडीची, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वड्यांची, ताटली ठेवत, आणि मंडळींनी पहिला घास घेताच काका सुरू होत.

"पाहा, पयले ऐब सांगतो. पोट्टी उत्तर देते. तुमी एक म्हटलं का ती दोन म्हणन. भाकर गोल येत नाही, भारताचा नकाशा येते. पगार सोताच्या हाती ठेवते. सकाळी उठल्यावर चहा होईपर्यंत ती कोणाची नसते."

आतून आवाज येई, "बाबा, घोरते ते राहिलं!"

"हो. अन् घोरते."

काकू दाराआड कपाळ बडवून घेत. "माय वं, काय करू ह्या माणसाले! लोकं पोरीचे गुण सांगते, हे पंचनामा वाचून राहिले!"

मंडळी सांबारवडी संपवून जात आणि मग निरोपच येत नसे. एकदा ॲन्टेना फिरवता फिरवता मी कुंदाला विचारलं, "तुम्हाला राग येत नाही?"

"काहून येईन? ऐब ऐकून जो बसला राहीन, त्याचंच तोंड पाहाचं हाय मले. बाकीचे काय, जाहिरात पाहून आलेले."

ती हे गंमत म्हणून बोलत नव्हती. तिचा बापाच्या चाळणीवर पूर्ण विश्वास होता. आणि मी? प्रत्येक स्थळ गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासं झालं की मला सपाटून भूक लागायची. खानावळवाला म्हणायचा, "साहेब, आज काय पगार झाला का?"

मग उमरेडचं स्थळ आलं.

मुलगा कोळशाच्या खाणीच्या कचेरीत होता. सोबत फक्त वडील, दोघं एसटीने आले होते. काकूंनी या वेळी बेत केला होता. आदल्या दिवशी वर येऊन त्या माझ्या खाटेच्या कडेवर टेकल्या.

"हे पाहा भाऊ, हे ऐब सांगतीन, ते काही थांबाचे नाही. तुमी शेजारी म्हणून बसा अन् गुण सांगा. तुमी कमी बोलता न, म्हणून लोकं तुमचं खरं मानतीन. इतकं करा माह्या पोरीसाठी."

मी 'हो' म्हणालो. दुसऱ्या दिवशी कचेरीत फायलीवर डोकं ठेवून मी एक वाक्य तयार केलं: कुंदा ज्या घरात जाईल त्या घरात कोणी मुकं राहणार नाही. दिवसभर ते मनात घोकलं. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की दुपारचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी काकांनी सवयीप्रमाणे ऐब सांगितले. आतून घोरण्याची आठवणही झाली. मुलाचे वडील ताटलीकडे पाहत राहिले. पण मुलगा हसला. ताटली खाली ठेवली आणि म्हणाला, "माझे सांगू का? कोळशात काम हाय, रुमाल किती धुतला तरी काळाच राहते. रागावलो का जेवत नाही. अन् भाकर मलेबी गोल येत नाही."

कुंदाला उत्तर सुचलं नाही, असं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग कोणी न सांगता ती स्वतः चहा घेऊन बाहेर आली. त्याच्या हातात कप देताना ती हसली की नाही हे मी पाहिलं नाही, कारण मी जमिनीकडे पाहत होतो.

टीव्ही चालूच होता. पाहुण्यांसाठी जाहिराती बुडवणं काकांना मान्य नव्हतं. चैत्रातला वारा उठला आणि चित्र गेलं. मी सुटल्यासारखा जिना चढलो. मागोमाग मुलाचे वडील आले, धोतराचा सोगा सावरत. त्यांना एकांतात विचारायचं होतं.

खाली अंगणात कुंदा आपल्या नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. पाहुणे आहेत, नवी साडी आहे, कशाचं तिला भान नव्हतं. मान वर, डोळ्यांवर हाताचा आडोसा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की माझ्या हातातला पाइप गरम झाल्यासारखा वाटला.

"आणखी... आणखी... आली! राहू द्या आता!"

"भाऊ," वडील हळूच म्हणाले, "बाप तर हे असं सांगून राहिला. तुमी घरातले, पण परके. तुमी सांगा, पोट्टी कशी हाय?"

वाक्य तयार होतं. ओठांपर्यंत आलं होतं. मी खाली पाहिलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"अन् बापानं सांगतलं ते?"

"काका खोटं बोलत नाहीत."

दोन्ही वाक्यं खरी. कोणत्याही न्यायाधीशापुढे मी ती तशीच म्हणू शकलो असतो. पण ऐबाच्या जाहिरातीला शेजाऱ्याच्या चार गोड शब्दांची जोड लागते, नाही तर तो नुसता पंचनामा उरतो, हे त्या गच्चीवर माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

खालून कुंदा ओरडली, "गेली! अहो, जाहिरात गेली!"

उमरेडहून नकाराचा निरोप आला. मध्यस्थानं सांगितलं, मुलगा तयार होता, वडील म्हणाले, भाडेकरूबी ठीकच म्हणते, म्हणजे बाप खरंच सांगून राहिला. काकू माझ्याच बाजूने उभ्या राहिल्या. "त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या तोंडातून 'ठीक' निघालं म्हणजे तेच बहुत झालं." कुंदा दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. त्यानंतर बरेच दिवस अंगणातून नुसतं 'आली' आणि 'गेली' ऐकू यायचं. साबणाचं, बाईचं काही नाही. मला तेव्हा भूक लागली नाही, हे सांगितलं पाहिजे.

पावसाळा गेला. एका संध्याकाळी ॲन्टेनावर घार बसली होती. मी ती हाकलली, चित्र आलं, तरी कुंदा अंगणातून हलली नाही.

"वरचे साहेब, उद्या दुसरं कोणी पाहाले आलं अन् तुमाले विचारलं, तर काय सांगणार? ठीक आहे?"

"नाही."

"मग?"

"कोणी येऊ नका, असं सांगेन."

आयुष्यात मी एकदम बोललेलं सगळ्यात धाडसी वाक्य ते असावं. कुंदा आत तोंड करून ओरडली, "बाबा, आली!" जाहिरातीबद्दल असणार, असं मला अजूनही वाटतं.

माझं स्थळ म्हणजे मीच, वरच्या मजल्यावरून खाली आलेला. माझ्यापुढेही सांबारवडी ठेवली गेली. काकांनी कुंदाचे ऐब पहिल्यापासून पुन्हा सांगितले, मला ते पाठ असूनही. जात विचारली नाही. "तो ऐबबी नाही अन् गुणबी नाही," म्हणाले. मग स्टूल माझ्याकडे ओढलं.

"आता तुमचे सांगा."

मी सांगितले. बोलत नाही. कंजूस आहे. आजारी पडलो की घर डोक्यावर घेतो. पायमोजे धुवायचा कंटाळा आहे.

"अजून काही?"

"पहाटे उठून खुडबुड करतो."

"अजून काही?"

"नाही."

"आठवा. घाई नाही. अजून काही?"

"नाही काका."

काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. पांढऱ्या कोटातल्या माणसाकडे ते तसं बघत. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "ठीक आहे."

लग्न झालं. काका मला जावईबापू म्हणू लागले, आणि एक चेष्टा त्यांनी सुरू केली ती कायमची. दिवाळीला गेलो, बारशाला गेलो, नुसता संत्र्यांची करंडी द्यायला गेलो, तरी चहाचा कप हातात आला की विचारत, "जावईबापू, अजून काही ऐब?" सगळे हसत. मी हसे. "नाही," म्हणे. उत्तर येईपर्यंत काका मात्र हसत नसत; आलं की मग हसत. मला वाटे, म्हाताऱ्याची सवय.

पुढे त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला, डोळे अधू झाले आणि जाहिराती पळू लागल्या. काका वैतागत. "पोट्टं डोंगरावरून उडी मारते, पोट्टी पावसात भिजते, अन् शेवटी समजते का ते पंखा इकून राहिले! ऐब तर सोडा, हे वस्तूबी सांगत नाही आता." शेवटच्या भेटीत ते खाटेवर होते. मी उशाशी बसलो. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "अजून काही?" खोलीत कोणी नव्हतं, हसायलाही कोणी नव्हतं. मी म्हणालो, "नाही काका, आराम करा." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. हात माझा होता. धीर, वाटतं, ते स्वतःलाच देत होते.

आमच्या घरात काकांचाच कायदा चालतो. मालिकेत आवाज बंद, जाहिरातीत चालू. त्यामुळे नवरा-बायकोचं जे काही बोलायचं ते मालिकेत. परवा संध्याकाळी दोन बादल्यांची जाहिरात संपली, मालिका सुरू झाली, कुंदाने आवाज बंद केला, आणि मी बोललो. उमरेड, गच्ची, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर. वाक्य तयार होतं आणि ते मी मुद्दाम गिळलं, हेही. पडद्यावर एक सासू मुकेपणाने रडत होती.

कुंदा मेथी निवडत होती. निवडत राहिली.

"गेला वाटते रंग," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी तुमचं 'ठीक' अन् चित्र जाणं एकदमच झालं. उमरेडवाले खाली येऊन म्हणाले न, भाडेकरू ठीक म्हणते. ते गेले अन् बाबांनी मले बोलावलं. म्हणे, पाह्य वं कुंदे, ते विचारत होते तवाच चित्र गेलं. वारा तर पडला होता. वरच्याचा हात हालला."

मला पाइपचा तो गरम झालेला भाग तळहातांना पुन्हा जाणवला.

"बाबा म्हणे, इतवारीत रोज पाहत होतो. दुसरीनं हातात घेतलेल्या साडीले जी बाई 'ठीक आहे' म्हणते, तिले ती साडी सोताले पाहिजे असते."

"म्हणजे तुला लग्नाआधीच..."

"हो. अन् राग आला होता, हेबी सांगून ठेवते. तो माणूस आवडला होता मले. बसला राहिला होता न तो." तिने मेथीची एक काडी मोडून टाकली. "मग तुमी गच्चीवरून ते भलतंच सांगतलं. कोणी येऊ नका म्हणे! मी बाबांले विचारलं, काय करू? ते म्हणे, घ्यायचा असन तर घे. पण ह्याचा रंग कच्चा हाय, पयल्या धुण्याले जाईन. जाऊ द्यायचा, म्हणे. इतकी वर्षं धुऊन राहिली मी, जातच नव्हता. बाबा तर वाट पाहत गेले."

खाटेवरचे काका आठवले, मिटलेले डोळे, माझ्या हातावरचा हात. म्हणजे तो प्रश्न चेष्टा नव्हताच. ते मला दर दिवाळीला दार उघडून देत होते आणि मी दर दिवाळीला हसून ते लावून घेत होतो. मला रडू येईल असं वाटलं. कुंदाने ते पाहिलं असावं, कारण तिने मेथीची ताटली माझ्या मांडीवर सरकवली.

"निवडा. अन् सांगा, काय वाक्य होतं ते?"

ते मी विसरलो नव्हतो. घोकलेलं होतं.

"कुंदा ज्या घरात जाईल त्या घरात कोणी मुकं राहणार नाही."

कुंदाला उत्तर सुचलं नाही. माझ्या पाहण्यातली ही दुसरी वेळ. पहिली उमरेडवाल्याची होती, आज माझी. मालिका संपली, एका तेलाची गाण्याची जाहिरात लागली, पडद्यावर सगळे तोंडं उघडून गात होते आणि आवाज वाढवायला आमच्यापैकी कोणीच उठलं नाही.

मग तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि अगदी बापाच्या आवाजात विचारलं, "अजून काही?"

"आहे," मी म्हणालो. "तुझं घोरणं काकांनी फार कमी करून सांगितलं होतं."